वजा अठरा पूर्णांक चार

फोंड्याच्या शाळेतला हॉल, पाचवी फेरी, पट क्रमांक नऊ.
माझ्या नावापुढे दोन हजार अडुसष्ट,
त्याच्या नावापुढे चौदाशे तेवीस.
शाणू गावडे, दुर्भाट.
यादी वाचली आणि मी जेवणाचा विचार करू लागलो.

तो आला तेव्हा पँटच्या काठाला चिखल होता,
वाळलेला, राखाडी, खाजणातला.
आधी हात पुसला, मग पुढे केला.
पहिली चाल: एक प्यादं, एकच घर.
मी मनात हसलो.
खरं सांगायचं तर थोडं बाहेरही.

चाली तो मराठीत लिहीत होता.
घोड्याला घ, हत्तीला ह,
उंटाच्या उ ला नीट शेपटी.
मी पंचांकडे गेलो, हे चालतं का?
चालतं, म्हणाले, कुठल्याही भाषेत चालतं.
परत येईपर्यंत माझ्याच घड्याळातली तीन मिनिटं गेलेली.

एकतिसाव्या चालीला तो म्हणाला, "बरोबरी?"
इतक्या हळू, जणू शेजारच्या पटावरचं कुणी जागं होईल.
मी मान वर न करता हिशोब केला:
बरोबरी म्हणजे वजा आठ पूर्णांक चार,
शिवाय म्हापशाच्या क्लासमधली मुलं, सोमवारी, त्यांचे प्रश्न.
नाही, म्हणालो.

तिथून पुढे मी जिंकत होतो,
असं मला वाटत होतं.
हल्ल्यासाठी एक प्यादं सोडलं.
हल्ला आला नाही.
प्यादं गेलं ते गेलं.

अ-पट्टीवरून त्याचं प्यादं खाली सरकत आलं,
आणि त्याच्या मागे त्याचा हत्ती.
हत्ती प्याद्याच्या मागे ठेवावा हे मीच शिकवतो,
महिन्याला आठशे रुपये घेऊन.
माझा हत्ती त्या प्याद्यासमोर, वाटेतल्या दगडासारखा.
बाकीची प्यादी नाकाला नाक लावून उभी.
तो काहीच करत नव्हता.
राजा इकडे एक घर, राजा तिकडे एक घर.
पंखा. कुणाची तरी चप्पल.
दारात चहावाल्या पोराने कपांचा ट्रे टेकवला.

नंतर कुणीतरी सांगितलं, तो मानशीवर असतो,
खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून
बांधात जे लाकडी दार असतं, त्यावर.
सव्वीस वर्षं.
तेव्हा मला माहीत नव्हतं.
तेव्हा मला वाटलं, याला सुचत नाहीये.

अडुसष्टाव्या चालीला कळलं
की मला आता काहीच हलवायचं नाहीये.
जे जिथे आहे तिथे ठीक आहे.
पण या खेळात गप्प बसता येत नाही.
राजाला एक पाऊल बाजूला घेतलं
आणि रिकाम्या झालेल्या वाटेने
त्याचा राजा आत आला,
वहाणा बाहेर काढून आल्यासारखा, सावकाश.

मी सही केली.
वजा अठरा पूर्णांक चार.
ती बरोबरी घ्यायला हवी होती, म्हणालो,
कुणीतरी नाही म्हणावं म्हणून.
तो आधीच उठला होता.
"म्हाका वचपाक जाय. सांजे भरती."

म्हणजे ती भीतीने मागितलेली बरोबरी नव्हती.
भरतीने मागितलेली होती.
एकतिसाव्या चालीलाच त्याला जायचं होतं
आणि मी त्याला आणखी दोन तास बसवून घेतलं,
हरण्यासाठी.

सहाव्या फेरीत त्याला पट क्रमांक चार.
खुर्ची रिकामी.
पंचांनी त्याचं घड्याळ सुरू केलं, अर्ध्या तासाची मुदत.
मी पट बाविसावर, समोर दहा वर्षांचा पोरगा,
खिशात चणे, पाय जमिनीला न टेकणारे.
मी दोनदा उठून बघून आलो.
कोरा कागद, त्यावर पेन,
आणि एका माणसाचा वेळ
त्याच्याशिवाय चालत राहिलेला.
दुर्भाटला आता फळ्या पडत असतील, एकावर एक.
पाणी येऊन दाराला टेकलं असेल.

"सर," पोरगा म्हणाला,
"तुमची चाल आहे."